निर्दोषाचें दायित्व

ज्या अनर्थास आपण कारण झालों, परंतु ज्यांत आपला अपराध नाहीं, त्याचें दायित्व आपणांवर येतें काय? हा नीतिशास्त्रांतील जुना प्रश्न जंतुशास्त्रानें नव्यानें पुढें आणिला आहे.

माठांतील पाणी रोज बदललें, तरी माठ आंतून घासला नाहीं तर त्यास बुळबुळीत थर धरतो, हें खानदेशांतील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. हा थर म्हणजे नुसता मळ नव्हे, ती जंतूंची वसाहत होय. जंतू पृष्ठभागास चिकटतात, स्वतःभोंवतीं चिकट द्रव्य निर्माण करितात आणि त्याच्या आड एकत्र नांदतात. शास्त्रज्ञ ह्यास बायोफिल्म म्हणतात. आम्ही जंतुपटल म्हणूं. पारोळ्याचा १७२७ च्या सुमाराचा भुईकोट किल्ला व त्याचा खंदक ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस ह्या पटलाचें सामर्थ्य सहज उमजेल. मोकळे फिरणारे जंतू औषधानें मरतात. तटाआडच्या जंतूंस तेंच औषध शेंकडों पटींनीं दिलें तरी कधीं कधीं पुरत नाहीं. चिकट द्रव्य औषधास अडवितें. शिवाय आंतील कांहीं जंतूंची वाढ जवळजवळ थांबलेली असते, आणि पुष्कळशीं औषधें वाढत्या जंतूंवरच चालतात. म्हणून ताप उतरतो, पण रोग समूळ जात नाहीं.

विषमज्वरांतून उठलेल्या शंभरांपैकीं एक ते पांच जणांच्या शरीरांत जंतू दीर्घकाळ राहतात. पित्ताशयांतील खड्यांवर ते असें पटल धरितात. असा मनुष्य धडधाकट दिसतो, परंतु त्याच्या विष्ठेवाटे बाहेर पडणारे जंतू न धुतलेल्या हातांनीं इतरांच्या अन्नांत जातात. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच होती. १९०७ सालीं तिला पकडून एका बेटावर ठेविलें. १९१० सालीं पुन्हां स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडलें. तिनें धुलाईचें काम केलें, पण त्यांत मिळकत थोडी. पुढें नांव बदलून ती एका प्रसूतिगृहांत स्वयंपाकास राहिली. १९१५ सालीं ती पुन्हां पकडली गेली, ती १९३८ सालीं मरेपर्यंत बेटावरच राहिली. आपण रोगाचे वाहक आहों, हें तिनें कधींच मान्य केलें नाहीं.

आमच्या मतें येथें दोष आणि दायित्व हीं निरनिराळीं मानलीं पाहिजेत. अंगांत जंतू राहिले ह्यांत कोणाचाच अपराध नाहीं. परंतु तें कळल्यावर उपचार घेणें आणि तोंवर दुसऱ्याच्या अन्नास हात न लावणें, हें वाहकाचें कर्तव्यच आहे. तथापि कर्तव्य एकट्या त्याचेंच नाहीं. लग्नाच्या पंक्तीसाठीं राबणाऱ्या आचाऱ्यानें आपला आजार प्रामाणिकपणें सांगितला, आणि आम्ही त्यास रोजास मुकविलें, तर पुढचा आचारी तोंड उघडणार नाहीं. ज्याची भाकर आम्ही आपल्या सुरक्षिततेसाठीं काढून घेतों, त्यास दुसरें काम देणें हें आमच्यावरील ऋण आहे. तें न फेडतां त्याच्याकडून सत्याची अपेक्षा करणें न्यायाचें नव्हे, आणि शहाणपणाचेंही नव्हे.