हनुवटी जरा खाली

माझा व्यवसाय चेहऱ्यांचा आहे. लग्नं, बारशी, जाहिराती यांतलं काही मी करत नाही. बंगळूरमधल्या कंपन्या, रुग्णालयं, वकिलांच्या कचेऱ्या मला बोलावतात आणि मी तिथल्या माणसांचे छातीपासून वरचे फोटो काढतो. आमच्या धंद्यात याला हेडशॉट म्हणतात. हा फोटो लिंक्डइनवर लागतो, कंपनीच्या संकेतस्थळावर लागतो, कधी एखाद्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर. दिवसाला तीस-चाळीस माणसं माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून जातात. बटण दाबायला क्षणही लागत नाही; उरलेला सगळा वेळ मी समोरच्याला सूचना देत असतो. खांदे सैल सोडा. कमरेतून थोडं डावीकडे वळा. मान पुढे, हनुवटी जरा खाली. आता माझ्याकडे बघा.

दुसऱ्याच्या चेहऱ्याला अशा आज्ञा करण्याचा अधिकार मला कुठून मिळतो? आणि आज्ञेबरहुकूम तयार झालेला चेहरा त्या माणसाचा म्हणता येतो का? हा प्रश्न धंद्यातल्या कोणी मला विचारलेला नाही. तो मला स्वतःलाच पडला आहे आणि त्याचं उत्तर कामाच्या ओघातच शोधावं लागतं.

बहुतेकांना पहिलं उत्तर सुचतं ते असं, की सूचना देऊच नयेत. माणूस जसा आहे तसा टिपावा. ऐकायला हे प्रामाणिक वाटतं. पण कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस जसा आहे तसा राहत नाही. लेन्सचं तोंड आपल्याकडे वळलं की श्वास अडकतो, खांदे कानांकडे चढतात, हनुवटी मागे जाते आणि गळ्याखाली एरवी नसलेली वळी दिसू लागते. रोलाँ बार्त यांनी छायाचित्रणावरच्या १९८०च्या आपल्या पुस्तकात हेच नोंदवलं आहे: आपल्यावर लेन्स रोखली आहे हे कळताच माणूस फोटो निघायच्या आतच स्वतःचा फोटो होऊन बसतो. म्हणजे मी पोझ दिली नाही तरी पोझ असतेच. ती संकोचाने दिलेली असते, एवढाच फरक.

शिवाय कॅमेरा आपल्यासारखा बघत नाही. त्याला एकच डोळा असतो. अगदी जवळून फोटो काढला तर नाक फुगतं आणि कान मागे पळतात. म्हणून आम्ही ८५ ते १३५ मिलिमीटरच्या लेन्स वापरतो आणि चार पावलं मागे उभे राहतो. मान कासवासारखी पुढे काढायला सांगितली की माणसाला स्वतःचं हसू येतं. बाजूने पाहणाऱ्याला ते विचित्रच दिसतं. समोरून मात्र जबड्याची रेषा स्वच्छ उमटते. शरीराला खोटी वाटणारी स्थिती चित्रात खरी दिसते, असा हा प्रकार आहे. या सूचनांनी मी कोणाचा चेहरा बदलत नाही. कॅमेऱ्याने केलेली मोडतोड दुरुस्त करतो. इथपर्यंत माझं मन स्वस्थ असतं.

अडचण सुरू होते ती हसण्यापाशी. हनुवटी माणसाच्या ताब्यात असते, हसू नसतं. गीय्योम द्युशेन या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. चेहऱ्यावर विजेचे सौम्य झटके देऊन कोणता स्नायू कोणता भाव दाखवतो हे तो तपासत होता. त्याला दिसलं की ओठांचे कोपरे वर खेचणारा स्नायू आपलं ऐकतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू आनंदाशिवाय सहसा हलत नाही. पुढच्या संशोधकांना असं आढळलं की काही जणांना तेही ठरवून जमतं. तरी माझ्या स्टुलावर बसणाऱ्या बहुतेकांना ते जमत नाही. ओठ हसतात आणि डोळे वाट बघत बसतात.

आपल्याकडे हा भेद फार जुना आहे. नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. हात, मान, पापणी यांच्या हालचाली शिकवता येतात. अश्रू, रोमांच, घाम, बदललेला आवाज मात्र मन एकाग्र झाल्याशिवाय येत नाहीत. त्या भाषेत सांगायचं तर गिऱ्हाईक माझ्याकडे आंगिकाचे पैसे देतं आणि सात्त्विकाची अपेक्षा ठेवतं. नटाने निदान वर्षानुवर्षं तालीम केलेली असते. लेखा विभागातल्या माणसाला माझ्याकडे मिळतात ती सात मिनिटं.

सात मिनिटांत मनापर्यंत पोहोचायचं तर युक्ती करावी लागते, आणि या धंद्याच्या इतिहासातल्या नामांकित युक्त्या फसवणुकीच्या आहेत. ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावाच्या संसद भवनात यूसुफ कार्श यांनी चर्चिल यांच्या तोंडातला सिगार अचानक काढून घेतला आणि लगेच बटण दाबलं. तो संतापलेला चेहरा पुढे हिटलरविरुद्धच्या निर्धाराचं प्रतीक बनला. २०१६ पासून तो ब्रिटनच्या पाच पौंडांच्या नोटेवर आहे. १९५७ मध्ये रिचर्ड ॲव्हेडन यांच्यापुढे विंडसरचे ड्यूक आणि डचेस बसले होते. दोघांचे चेहरे सरावाने घोटलेले. दोघांना कुत्र्यांचं वेड होतं. ॲव्हेडन यांनी त्यांना थाप मारली, की येताना माझ्या टॅक्सीखाली एक कुत्रा सापडून मेला. दोन्ही चेहरे कोसळले आणि फोटो निघाला. ही हकीकत ॲव्हेडन यांनीच सांगितली आहे.

या दोन्ही फोटोंचं समर्थन नेहमी एकाच वाक्यात होतं: त्यामुळे खरा माणूस बाहेर आला. मला हे पटत नाही. चर्चिल यांच्या चेहऱ्यावरचा राग सिगारचा होता. त्यात युद्ध आपण वाचलं. ड्यूक-डचेसच्या चेहऱ्यावरचं दुःख एका नसलेल्या कुत्र्याचं होतं. त्यात राजपद सोडलेल्या आयुष्याची खंत आपण वाचली. फोटो थोर आहेत, पण त्यांनी सत्य उघडं केलं असं म्हणण्याला आधार नाही. चेहऱ्याचा अर्थ बघणारा लावतो. तेव्हा ‘मी खरा माणूस शोधतो’ ही सबब छायाचित्रकाराने वापरू नये. आणि ती सबब गेली, की फसवणुकीला दुसरी कोणतीही सबब उरत नाही.

मग अधिकार कुठून येतो? माझं उत्तर असं, की तो फक्त समोरच्या माणसाकडून येतो, आणि तो कोणत्याही क्षणी परत घेऊ शकेल तेवढाच खरा असतो. हे सोपं वाटतं. इतिहास बघितला की सोपं राहत नाही. १९६० मध्ये मार्क गारांजे हा फ्रेंच सैन्यातला सक्तीने भरती झालेला तरुण अल्जीरियात होता. वरिष्ठांच्या हुकमावरून ओळखपत्रांसाठी त्याने सुमारे २००० स्त्रियांचे फोटो काढले. त्यांना परक्या पुरुषापुढे, सैनिकांच्या पहाऱ्यात, बुरखा उतरवायला लावलं गेलं. ते फोटो पाहिले की त्या स्त्रियांच्या नजरा आजही सरळ अंगावर येतात. तिथे शब्दही न उच्चारता आज्ञा दिली गेली होती. ‘नाही’ म्हणायची जागा नव्हती. याच्या उलट, १८९२ मध्ये लाला दीनदयाळ यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तिथे फोटो काढण्याचं काम एका इंग्रज बाईकडे सोपवलं. तिथेही पोझ असणारच, हनुवटी खाली-वर होणारच. पण त्या स्त्रियांच्या मर्यादेभोवती स्टुडिओ उभारला होता; त्यांना मर्यादा ओलांडायला लावली नव्हती.

माझ्या कामाची जागा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. कंपनीतला माणूस स्वतः आलेला नसतो, त्याला ई-मेलने वेळ कळवलेली असते. माझ्या पाठीशी मनुष्यबळ विभागाचा कोणीतरी उभा असतो. एका ठिकाणी अशा तरुणाने मला आधीच सांगून ठेवलं होतं: पुरुष ‘कॉन्फिडंट’ दिसले पाहिजेत, बायका ‘वॉर्म’. स्टुलावर आल्या त्या अंतर्गत लेखापरीक्षणाच्या प्रमुख होत्या, पन्नाशीच्या. हसण्याचा विषय निघताच म्हणाल्या, “मी लोकांचे हिशेब तपासते. मी हसले की त्यांना वाटतं सगळं ठीक आहे.” मी त्यांचे न हसणारे फोटो काढले. चांगले आले, डोळे जागे, ओठ शांत. चार दिवसांनी मेल आला, की सॉफ्टवेअर वापरून थोडं हसू चढवता येईल का. येतं, दोन मिनिटांचं काम आहे. मी लिहिलं, बाईंना विचारा, त्या हो म्हणाल्या तर करतो. पुढे काही उत्तर आलं नाही. संकेतस्थळावर बाई आजही हसत नाहीत. त्या कंपनीने मला पुन्हा बोलावलं नाही.

संमतीने सगळे प्रश्न सुटतात असंही नाही. रंग उजळ करून मागणारे लोक स्वतःच मागतात, कोणी त्यांच्या पाठीशी उभं नसतं. पण ती मागणी त्यांच्या मनात कोणी पेरली हे आपल्याला ठाऊक आहे. मी आधी प्रकाश बदलतो. सावळ्या चेहऱ्यावर बाजूने येणारा मऊ प्रकाश पडला की कातडीला जी झळाळी येते ती पांढऱ्या ट्यूबलाइटखाली त्यांनी कधी पाहिलेली नसते. बरेच जण मग मागणी सोडून देतात. काही जण सोडत नाहीत. तेव्हा मी वाद घालत नाही. चेहरा त्यांचा आहे, आणि त्यांच्या मतापेक्षा माझं मत त्यावर जास्त चालावं असं मी म्हणू लागलो तर मनुष्यबळ विभागातल्या त्या तरुणात आणि माझ्यात फरक उरणार नाही.

या शहरात काम करताना एक शब्द मी निरनिराळ्या भाषांत शिकलो. मराठीत ‘जरा’, हिंदीत ‘थोड़ा’, कन्नडमध्ये ‘स्वल्प’, तमिळमध्ये ‘कोंजम’, बंगालीत ‘एकटु’. हनुवटी जरा खाली. हा शब्द मापाचा आहे असं वाटतं, पण त्याचं खरं काम वेगळं आहे. तो आज्ञेची विनंती करतो. पुढचं किती करायचं ते ऐकणाऱ्यावर सोपवतो. हात लावून मान वळवणं मी टाळतो. समोर उभा राहून स्वतःची मान वळवतो, माणूस आरशासारखी आपली वळवतो. आधी मी विचित्र दिसतो, मग तो.

हे सगळं वरच्या मजल्यांवर चालतं. तळमजल्यावर त्याच इमारतीत सुरक्षारक्षक, सफाई कामगार, कँटीनमधली मुलं यांच्या ओळखपत्रांचे फोटो निघतात. डोक्यावर ट्यूबलाइट, टेबलावर वेबकॅम, “इधर देखो” आणि झालं. साहेबांचा हेडशॉट लोक वर्षातून चारदा बघत असतील. हा फोटो रक्षकाच्या गळ्यात रोज बारा तास लटकतो. ते बघितल्यावर माझ्या प्रश्नाची दिशाच बदलली. आज्ञा करण्याचा अधिकार मला आहे का, एवढंच मी विचारत होतो. ज्यांना कोणी ‘हनुवटी जरा खाली’ असं कधीच सांगत नाही, त्यांचं काय? सूचना देणं म्हणजे एका माणसाने दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे सात मिनिटं नीट बघणं. ते बघणंही पगाराच्या श्रेणीप्रमाणे वाटलं जातं.

आता कामाची बोली करतानाच मी दिवसअखेरचा एक तास या लोकांसाठी मागून घेतो, वेगळे पैसे न लावता. काही कंपन्या हो म्हणतात. काही म्हणतात, त्यांचा कंत्राटदार वेगळा आहे. मागच्या महिन्यात एक रक्षक स्टुलावर बसला, टोपी सरळ केली आणि विचारलं, “साहब, हँस सकते हैं क्या?” वर दिवसभर मी ज्यांना हसवायची धडपड करत होतो त्यांतल्या कोणी हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, तुमचा फोटो आहे, तुम्ही ठरवा. त्याने तीन फोटो काढून घेतले, तिन्ही पडद्यावर लावून बराच वेळ पाहिले आणि न हसलेला निवडला.