रूपाचे मोल

कोंबड्यांच्या खुराड्यातून तत्त्वज्ञानाचा प्रश्न निघावा, हे कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. तथापि आपल्या डोळ्यांच्या सुखासाठी मनुष्याने दुसऱ्या जिवाच्या घडणीत कोठवर हात घालावा, हा प्रश्न तेथे जितका उघडा दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. जुने वाण हौसेने जतन करणाऱ्यांविषयी आम्हांस आदर आहे. व्यापारी कुक्कुटपालनाच्या रेट्यात नाहीसे झाले असते असे अनेक वाण ह्या हौशी लोकांनीच राखले. प्रश्न इतकाच, की राखावयाचे ते काय? वाण, की वाणाचे आपल्या मनातील चित्र?

प्रथम स्पेनमधील अंदालुसिया प्रांताच्या नावाने ओळखली जाणारी निळी कोंबडी घ्या. निळ्या जोडप्याची सगळी पिले कधीच निळी निघत नाहीत. सरासरीने चारांत दोन निळी, एक काळे आणि एक पांढुरके, शिंतोडे उडाल्यासारखे. पाळणारे ह्या दोहोंस अशुद्ध समजून काढून टाकीत. विसाव्या शतकाच्या आरंभी बेटसन व पनेट ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनी ह्या प्रकाराचा उलगडा केला. काळ्याचा एक व शिंतोड्यांचा एक असे दोन बीजगुण एकत्र आले, म्हणजेच निळा रंग उमटतो. काळ्याचा शिंतोड्यांच्या पक्ष्याशी जोडा लावला, तर सर्व पिले निळी होतात. म्हणजे ज्यांस अशुद्ध म्हणून टाकले तीच बीजाने शुद्ध, आणि शुद्ध म्हणून मिरविलेली निळी मात्र मिश्र! शुद्धतेची कल्पना पक्ष्यात नव्हती. ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होती. वधूवरांच्या जाहिरातींत वर्ण चाळणाऱ्या आपल्या समाजास हा दोष परका वाटू नये.

दुसरे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील चिली देशाचे. तेथील मापुचे लोकांच्या मुलखातील कोंबड्या निळी अंडी घालतात. तपकिरी अंड्याचा रंग कवचावर वरवर बसलेला असतो. हा निळा रंग कवचात आरपार भिनलेला असतो. एका प्राचीन विषाणूचा अंश कोंबडीच्या गुणसूत्रात शिरून राहिल्याने हे घडते, असे २०१३ साली सिद्ध झाले. ही निळाई एका पिढीतून दुसरीत सहज उतरते, आणि तिच्यापायी कोणत्याही पिलास प्राण द्यावा लागत नाही.

परंतु ह्याच कोंबडीच्या, म्हणजे अरौकानाच्या, कानांजवळ कधी पिसांचे झुबके असतात. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने १९७६ साली ह्या वाणास मान्यता दिली ती शेपटी नसावी व झुबके असावेत, अशा लक्षणांसह. आता हा झुबक्याचा बीजगुण पाहा. तो आईबाप दोघांकडून आला, तर पिलू बहुधा सतराव्या ते एकोणिसाव्या दिवसाच्या सुमारास, कवच फुटण्यास दोन-चार दिवस उरले असता, आतच मरते. झुबक्यांच्या जोडप्याच्या पिलांपैकी सरासरीने चौथा हिस्सा असा जातो. जिवंत असलेल्या प्रत्येक झुबकेदार पक्ष्यात ह्या गुणाची एकच मात्रा असते. येथे 'शुद्ध' होणे म्हणजेच मरणे!

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की जे जन्मलेच नाही त्याची हानी कसली? परंतु अठराव्या दिवशीच्या पिलास चोच, डोळे, लव सर्व आलेले असते. कवचाचा पातळ पडदा एवढ्यावरून आपली जबाबदारी संपते असे आम्हांस वाटत नाही. दुसरा असा, की अंड्यांच्या धंद्यात नर पिले पहिल्याच दिवशी मारली जातात, तेथे ह्या चार अंड्यांचे काय? शेजाऱ्याचे मोठे पाप हे आपल्या लहान पापाचे समर्थन होऊ शकत नाही. शिवाय धंद्यास निदान पोटाची सबब सांगता येते, झुबक्यास तीही नाही.

मग वाणच सोडून द्यावा काय? आमचे मत तसे नाही. झुबक्याच्या कोंबड्यास बिनझुबक्याची कोंबडी द्यावी. मग दोन मात्रांचे पिलू होतच नाही आणि निम्म्यांस झुबके येतात. एका मात्रेनेही काही पिले दगावतात, म्हणून हा मार्ग निर्दोष नव्हे. पण चौथ्या हिश्श्याचे निश्चित मरण त्याने टळते. त्यासाठी बिनझुबक्याची कोंबडीही त्या वाणाची पूर्ण हक्काची लेक मानली पाहिजे, आणि अवघड आहे ते हेच. जीव राखण्याचा अधिकार मनुष्यास आहे. आपले चित्र पुरे करण्यासाठी जीव खर्चण्याचा नाही.

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. प्रदर्शनात झुबकेदार कोंबडा पिंजऱ्यात ऐटीने उभा असतो; न फुटलेली अंडी तेवढी घरच्या उकिरड्यावर राहतात. रूपाचे मोल ठरविताना दोन्ही ठिकाणी जाऊन पाहिले पाहिजे.