गुटीला कोण खाणं म्हणतं!

डोंबिवलीला एका घरात मुलगी जन्माला आली. तिला दोन आज्या होत्या. बाबांची आई त्याच घरात राहायची, ती डोंबिवलीची आजी. आईची आई कल्याणहून यायची, ती कल्याणची आजी. दोघींचं एकमेकींशी वाकडं नव्हतं. पण बाळातलं कोणाला जास्त कळतं, याबद्दल दोघींच्याही मनात शंका नव्हती.

बाळाची कातडी पहिल्यापासून कोरडी. गालांवर खरखरीत चट्टे आणि कोपराच्या लवणीत लाल भेगा. डोंबिवलीच्या आजीने त्यावर उपाय शोधला. लाकडी घाण्यावरचं बदामाचं तेल आणलं, तेही स्वतःच्या पेन्शनमधून, आणि रोज सकाळी नातीला पायांवर घेऊन अंगभर चोळलं. तेल महाग होतं. नात त्याहून मोलाची होती.

सातव्या महिन्यात उष्टावण झालं. मामाने सोन्याची अंगठी खिरीत बुडवून बाळाच्या ओठांना लावली, मग दोन चमचे भरवले. खीर कल्याणच्या आजीने केली होती. तांदळाची, दुधात आटवलेली, वेलची घालून, बदाम बारीक वाटून. बाळाने मिटक्या मारल्या. पाहुण्यांची पानं वाढून होतात न होतात तोच बाळाच्या हनुवटीखाली लाल गांधी उठल्या. मग गळ्यावर, मग पोटावर. तास-दीड तासाने त्या आपोआप विरल्या.

त्या दिवशी घरात जितकी माणसं होती, तितकी कारणं निघाली. आत्याने मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. शेजारीण म्हणाली, दूध सोसत नाही. कोणी वेलचीला उष्ण ठरवलं, कोणी टाकीच्या पाण्याला नावं ठेवली. बदामाचं नाव कोणी घेतलं नाही. बदामाने बुद्धी येते, अंग धरतं. त्याच्यावर आळ कोण घेणार?

मग एकेक जिन्नस घरातून हद्दपार होऊ लागला. आधी पिशवीचं गाईचं दूध गेलं. त्याच्या जागी कल्याणच्या तबेल्यातलं म्हशीचं आलं. तेही बंद करून कोणीतरी शेळीचं आणून दिलं. गव्हाची खीर गेली, तूरडाळीचं पाणी गेलं. टोमॅटोचं सार चाटवलं तर तोंडाभोवती लाली आली, म्हणून टोमॅटो गेला. बाळ अंगावर पीत होतं, तेव्हा आईच्या ताटावरही संक्रांत आली. वांगं नको, दही नको, दाण्याचं कूट नको. दाण्याच्या कुटाशिवाय मराठी घरात भाजी कशी होते, हे ज्याने केलं त्यालाच ठाऊक. ती बिचारी सकाळच्या लोकलला लोंबकळत कामावर जायची आणि डब्यात रोज दुधी आणि भात न्यायची.

एवढं करूनही गांधी उठायच्या त्या उठायच्याच. रोज नाही, अधूनमधून. त्यामुळे कोणाचीच शंका फिटत नव्हती आणि प्रत्येक वेळी आणखी एक पदार्थ बाद होत होता. शेवटी बाळाच्या वाट्याला भाताची पेज आणि नाचणीचं सत्त्व एवढंच राहिलं. बाबांनी घाबरून बाळाचं रक्त तपासून घेतलं. लांबच लांब यादी आली. दूध, गहू, शेंगदाणा, सोयाबीन, तीळ, बदाम. निम्म्या नावांपुढे लाल खूण. त्याच सुमारास लसीकरणाच्या कार्डावरची वजनाची रेघ वर चढायची थांबली आणि आडवी पडली.

तेव्हा सगळे ठाण्याला गेले. दुपारची लोकल रिकामी होती. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा मागे पडलं तरी कोणी फारसं बोललं नाही.

ठाण्याचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी यादी पाहिली आणि पालथी ठेवली.

"हिच्यात जे लाल आहे ते सगळं बाधतंच असं नाही," ते म्हणाले. "रक्तात खूण दिसणं वेगळं आणि खाल्ल्यावर त्रास होणं वेगळं. मला हे सांगा, काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, गांधी किती वेळाने उठल्या, किती वेळ राहिल्या? आणि तेच पुन्हा खाल्लं तेव्हा पुन्हा उठल्या का?"

कोणालाच सांगता येईना. बाबा म्हणाले, मंगळवारी बहुतेक. आई म्हणाली, नाही, डाळ दिली त्या दिवशी. आजी म्हणाली, पौर्णिमा होती.

डॉक्टर हसले. "घरात कालनिर्णय आहे ना? दुधाचा हिशेब त्यावरच लिहिता ना? मग बाळाचाही लिहा."

त्यांनी सोपे नियम सांगितले. एका वेळी एकच नवा पदार्थ द्यायचा आणि तीन-चार दिवस तोच चालू ठेवायचा. नवीन जिन्नस सकाळी द्यायचा, म्हणजे दिवसभर बाळ डोळ्यांसमोर राहतं. अन्नामुळे उठणाऱ्या गांधी बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत उठतात. तेव्हा आज संध्याकाळच्या गांधींचा आळ परवाच्या जेवणावर घ्यायचा नाही. टोमॅटोच्या आंबटपणाने तोंडाभोवती नुसतं लाल झालं आणि पुसल्यावर गेलं, तर ती ऍलर्जी नव्हे. आणि गाईचं दूध ज्याला खरोखर बाधतं त्याला म्हशीचं आणि शेळीचंही बहुधा बाधतं, त्या दुधांतली प्रथिनं सख्ख्या बहिणींसारखी असतात. आईने मात्र त्याच दिवसापासून पोटभर जेवायचं.

कालनिर्णयच्या चौकटी लहान. त्यात आधीच अर्ध्या लिटरची खूण, बाईचा खाडा, गॅस आला ती तारीख. डोंबिवलीच्या आजीने शिसपेन्सिलीला टोक काढलं आणि उरल्या जागेत बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली. 'पेज १० वा. ठीक.' 'मूगडाळ ११ वा. ठीक.' गांधी उठल्या की ती लाल पेनाने फुली मारायची.

काही आठवड्यांनी तिने पान पुढे धरलं आणि चष्मा सारखा केला. फुल्या मंगळवारी आणि शुक्रवारी होत्या. दुसऱ्या कुठल्याच वारी नव्हत्या.

मंगळवारी आणि शुक्रवारी तिचं भजनी मंडळ असायचं. त्या दिवशी बाळाजवळ कल्याणची आजी असायची.

डोंबिवलीच्या आजीच्या जिभेवर शब्द आले. पण ती बोलली नाही. सुनेला नाही, मुलालाही नाही. पुढच्या मंगळवारी तिने भजनाला दांडी मारली. "गुडघा धरलाय हो," एवढंच विहिणीला सांगितलं आणि भिंतीला टेकून बसून राहिली.

कल्याणच्या आजीने बाळाला न्हाऊ घातलं, धुरी दिली, दुपट्यात गुंडाळलं. मग पिशवीतून सहाण काढली. सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकले आणि एकेक जिन्नस उगाळायला घेतला. वेखंडाचा एक वेढा, हळकुंडाचा एक, मुरडशेंगेचा एक, जायफळाचा अर्धा. मग खारीक. मग भिजवून सोललेला बदाम, त्याचे चांगले चार वेढे.

"उष्टावणापासून बदाम घालते," ती म्हणाली. "आता दात यायचेत हिला. पोटात काही जात नाही पोरीच्या, निदान हे तरी जाऊ दे."

तिने बोटाने गुटी चाटवली. डोंबिवलीच्या आजीने घड्याळात पाहिलं. काटा पाव तास पुढे सरकायच्या आत बाळाच्या हनुवटीखाली पहिली गांधी उठली.

दोघी बघत राहिल्या.

"विहीणबाई," डोंबिवलीची आजी हळूच म्हणाली, "मी रोज संध्याकाळी विचारते, आज काय खाल्लं. तुम्ही कधी गुटीचं सांगितलं नाहीत."

"अहो, गुटीला कोण खाणं म्हणतं?" कल्याणची आजी म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. मग ती उठली, पेन्सिल घेतली आणि त्या दिवसाच्या चौकटीत स्वतःच्या हाताने लिहिलं, 'गुटी, बदाम.'

पान घेऊन सगळे पुन्हा ठाण्याला गेले. डॉक्टरांनी बाळाच्या पाठीवर थेंब ठेवून बारीक टोचणी केली. बदामाच्या जागी फुगा आला. दूध, गहू आणि शेंगदाण्याच्या जागा कोऱ्या राहिल्या. आपलंच चुकलं म्हणून कल्याणच्या आजीने डोळ्यांना पदर लावला. डोंबिवलीची आजी तिच्याकडे न बघता खाली बघत बसली होती. तिला मनातून थोडं बरंही वाटत होतं, माणूसच ते.

तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "हिला अंगाला कसलं तेल लावता?"

डोंबिवलीच्या आजीने तेलाचं नाव सांगितलं आणि सांगता सांगताच तिचा आवाज उतरला.

"अगदी खात्रीने नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाले, "पण भेगाळलेल्या कातडीतून एखादा पदार्थ शरीरात शिरला, तर शरीर त्याला शत्रू समजू शकतं, असं आता बरेच तज्ज्ञ मानतात. तोच पदार्थ वेळेवर तोंडावाटे गेला तर शरीर त्याला ओळखायला शिकतं. घाण्याच्या तेलात बदामाची प्रथिनं राहू शकतात. तुमचं तेल आणि यांची गुटी, दोन्हींमागे मायाच होती. आता इसबाचं औषध लावा आणि साधं मलम चोळा. आणि गुटीची गरज नाही. पहिले सहा महिने आईचं दूध पुरतं, पुढे घरचं जेवण."

"आणि शेंगदाणा?" आईने भीत भीत विचारलं. "पाच वर्षं देऊच नका म्हणतात."

"म्हणत होते," डॉक्टर म्हणाले. "अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली घरात ऍलर्जी असलेल्या बाळांना तीन वर्षं शेंगदाणा देऊ नका असं सांगितलं. २००८ साली त्यांनीच तो सल्ला मागे घेतला. इस्रायलची बाळं लहानपणापासून शेंगदाण्याचे कुरमुरे खातात आणि त्यांच्यात ही ऍलर्जी कमी दिसते, हे लंडनच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. मग त्यांनी हिच्यासारखीच, तीव्र इसब किंवा अंड्याची ऍलर्जी असलेली ६४० बाळं घेतली. अर्ध्यांना शेंगदाणा दिला, अर्ध्यांना टाळायला सांगितला. २०१५ साली निकाल आला. टाळलेल्यांत पाच वर्षांच्या वयाला शंभरातल्या सतरा मुलांना शेंगदाण्याची ऍलर्जी होती, खाल्लेल्यांत तिघांना. मात्र हिचा पहिला घास इथे माझ्यासमोर द्यायचा. घरी प्रयोग नको. आणि अख्खा दाणा चार-पाच वर्षांची होईपर्यंत नको, घशात अडकतो."

पहिला घास दवाखान्यातच दिला. दाण्याचं कूट पेजेत कालवून, चमच्याच्या टोकावर. सगळे दोन तास बसून राहिले. काही झालं नाही. मग गहू परत आला, डाळ आली, दूध आलं, टोमॅटोचं सारही आलं. प्रत्येकाला कालनिर्णयवर आपापली चौकट मिळाली. आईच्या डब्यात भरलं वांगं परतलं. कार्डावरची रेघ पुन्हा वर चढू लागली.

दोन्ही आज्यांनी त्या दिवसानंतर एकमेकींना कधी बोल लावला नाही. फुल्यांचे वार पाहिले तेव्हा डोंबिवलीची आजी गप्प राहिली, म्हणून तिला सहाण बघायला मिळाली. तिने बोट दाखवलं असतं तर कल्याणची आजी रुसून घरी गेली असती, सहाण पिशवीतच राहिली असती आणि तेलाची बाटली फळीवर. घरात गुन्हेगार शोधायला लागलं की जो तो आपली पिशवी लपवतो.

बदाम मात्र बंद झाला तो झालाच. दुधाची ऍलर्जी पुष्कळ मुलांची वाढत्या वयात जाते, बदाम-अक्रोडाची बहुतेकांची राहते. शिऱ्यात, श्रीखंडात, कोजागिरीच्या दुधात, पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईत, बदाम कुठेही असू शकतो. म्हणून बालवाडीत घातलं तेव्हा बाईंना पहिल्याच दिवशी चिठ्ठी दिली आणि औषध कुठे ठेवलंय ते दाखवलं.

ज्यांच्या घरात रांगतं बाळ आहे त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. नुसत्या गांधी उठल्या तर वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. पण ओठ किंवा जीभ सुजली, धाप लागली, आवाज घोगरा झाला, उलट्यांवर उलट्या झाल्या किंवा बाळ एकदम मलूल पडलं, तर लिहीत बसू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर सरळ जवळचं हॉस्पिटल गाठा.