वर्षाला एक पत्र

दर डिसेंबरात मला हिमालयातून एक पत्र येतं. तिथल्या एका बौद्ध निवासी शाळेत शिकणाऱ्या मुलीचा खर्च मी सहा वर्षांपासून उचलतो. अक्षर सुरेख, मजकूर ठरलेला : ‘तुमच्यामुळे मी शिकते आहे.’ माझ्या ओळखीतल्या एकाला त्याच शाळेतल्या मुलाकडून शब्दशः हेच वाक्य येतं. फळ्यावरून उतरवलेलं असणार. आपल्याकडे अशा देण्याला ‘शैक्षणिक पालकत्व’ म्हणतात, आणि तो शब्द मला खुपतो. त्या पोरीचे आईबाप आहेत. जव पिकवतात, जनावरं राखतात. त्यांचं पालकपण मी माझ्या नावापुढे कशाला लावू?

बाबासाहेबांचं शिक्षणही कुणीतरी दिलेल्या पैशावरच झालं. बडोद्याच्या सयाजीरावांनी बी.ए.साठी महिना २५ रुपये दिले, पुढे कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षं महिना साडेअकरा पौंड. त्याचा रीतसर करार झाला, १९१३ च्या जूनमध्ये : परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी. असा रोखठोक करार मला त्या पत्रापेक्षा बरा वाटतो. पण १९१७ साली बाबासाहेब बडोद्यात हजर झाले आणि त्यांना राहायला खोली मिळेना. जात लपवून एका पारशी धर्मशाळेत राहिले, तर लोक काठ्या घेऊन दारात आले. न्यूयॉर्कच्या शिक्षणाचा खर्च संस्थानानं केला होता; त्याच संस्थानाच्या राजधानीत त्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं.

बाबासाहेबांनी काढलेली बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ ची. तिच्या अगदी सुरुवातीच्या कामांत सोलापूरचं वसतिगृह आहे, १९२५ चं, आणि मला ते योगायोगाचं वाटत नाही. शिष्यवृत्तीतून फी भागते, पण रात्री अंग कुठं टाकायचं? आमच्याकडे जुनी माणसं अजून ‘तो बोर्डिंगात शिकला’ असं म्हणतात. कॉलेजचं नाव मागाहून येतं.

पहाडातही अडचण जागेचीच. वरच्या वर्गांची शाळा खिंडीपलीकडे, आणि हिवाळ्यात खिंड बर्फानं बंद. हिमाचलातल्या धरमशाला शहरातलं तिबेटी बालग्राम १९६० साली रस्त्याच्या कामावर खपणाऱ्या निर्वासितांच्या ५१ मुलांपासून सुरू झालं. आपल्या विदर्भातच, गोंदिया जिल्ह्यात, १९७२ पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे; तरी हिवाळ्यात तिबेटी बाईकडून स्वेटर घेताना आपण तिला ‘तुम्ही कुठल्या पहाडातल्या?’ असंच विचारतो.

मदत उलट्या दिशेनंही वाहिली आहे. १९८० पासून इंग्लंडमधल्या बौद्ध कार्यकर्त्यांनी दारोदार फिरून वर्गणी जमवली, आणि त्यातून महाराष्ट्रात ‘बहुजन हिताय’ची वसतिगृहं चालली. किती दारं तोंडावर आपटली असतील! आज नागपुरात कामठी रोडवरच्या नागलोक या बौद्ध प्रशिक्षण केंद्रात देशभरातली तरुण पोरं राहून शिकतात. घेणारं नागपूर देणारंही झालं.

माझे वडील साठच्या दशकात इथंच शिकले. धम्मदीक्षेनंतर बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळेनाशा झाल्या, त्या थेट १९९० मध्ये परत आल्या. महाराष्ट्रानं मात्र १९६० पासूनच दिल्या. त्या शिष्यवृत्तीवर वडील शिकले. आभाराचं पत्र त्यांनी कुणालाच लिहिलं नाही. उलट हप्ता उशिरा आला की कॉलेजच्या खिडकीवर जाऊन बाबूशी भांडायचे. ती भांडणं ते म्हातारपणी रंगवून सांगत, आणि सांगताना ताठ बसत.

यंदा मी शाळेला कळवलं : पैसे कुणा एका मुलीच्या नावे नकोत, बोर्डिंगच्या मुदपाकखान्यात आणि सरपणात घाला, पत्राचीही गरज नाही.

तरी पत्र आलंच. या वेळी मजकूर फळ्यावरचा नव्हता. नागपुरात बर्फ कधीच पडत नाही हे खरं का, असं तिनं विचारलं होतं. आणि खाली, वेगळ्या शाईत : इथली डाळ फार पातळ असते.