कनवाळू सत्तेचे भय

आपल्या कथा-चित्रपटांना भोंदू धर्मगुरू फार सोयीचा पडतो. 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'मधला (१९३६) सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवतो, त्यांच्याविरुद्ध कारस्थाने रचतो, आणि राग कोणावर काढायचा हे प्रेक्षकाला लगेच कळते. असा खलनायक रंगतो खरा, पण तो आपल्याला स्वस्तात सोडतो. सगळा दोष त्याच्या लबाडीत असतो. लबाडी उघडी पडली की धर्मसत्ता पुन्हा सोवळी. मला मात्र धर्मसत्तेतला खोल दुष्टपणा दुसरीकडे दिसतो. हा दुष्टपणा निःस्वार्थी, कळवळ्याचा माणूस करतो आणि ज्यांच्यावर तो होतो त्यांनाच तो हवासा वाटतो. ही गोष्ट रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्स्कीइतकी निर्भयपणे फार थोड्यांनी मांडली आहे.

'द ब्रदर्स कारामाझोव्ह' ही त्याची अखेरची कादंबरी १८७९-८० मध्ये मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यात इव्हान आपल्या धाकट्या भावाला, अल्योशाला, स्वतः रचलेली एक कथा सांगतो. स्थळ स्पेनमधले सेव्हिल, काळ सोळाव्या शतकातल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा देणाऱ्या कॅथलिक चर्चच्या न्यायासनाचा. आदल्याच दिवशी शंभरेक 'पाखंडी' जाळले गेले आहेत. अशा गावात येशू येतो आणि कोणी न सांगता लोक त्याला ओळखतात. कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर सात वर्षांच्या मुलीची शवपेटी येते. तो तिला जिवंत करतो. तेवढ्यात नव्वदीला टेकलेला ग्रँड इन्क्विझिटर, त्या न्यायासनाचा प्रमुख, तिथे पोचतो, सगळे पाहतो आणि येशूला पकडण्यासाठी शिपायांना बोटाने खूण करतो. गर्दी बाजूला होऊन शिपायांना वाट करून देते आणि त्या म्हाताऱ्यापुढे जमिनीला डोके टेकते.

कथेतली सर्वांत भयंकर जागा हीच. मेलेले मूल उठून बसताना ज्यांनी आत्ता डोळ्यांनी पाहिले, तीच माणसे येशूला पकडणाऱ्यापुढे वाकतात. कोणी त्यांच्यावर शस्त्र उगारलेले नाही. वाकण्याची सवय पुरेशी आहे.

आणि हा म्हातारा सालोमालोच्या जातकुळीतला नाही. आदल्या दिवशी तो कार्डिनलच्या भरजरी वस्त्रांत होता. आज अंगावर जुना, जाडाभरडा झगा आहे. त्याने वाळवंटात कंदमुळांवर राहून तप केलेले आहे. रात्री हातात दिवा घेऊन तो एकटाच येशूच्या कोठडीत येतो आणि आपली बाजू मांडतो. सारांश असा : स्वातंत्र्य माणसाला पेलत नाही. त्याला भाकरी हवी, चमत्कार हवा, आणि सदसद्विवेकाचे ओझे उतरवून ठेवायला कोणीतरी हवे. येशूने हे द्यायचे नाकारले, म्हणून चर्चने त्याचे काम दुरुस्त केले. लोकांची पापेसुद्धा आम्ही आमच्या डोक्यावर घेतो. ते सुखी राहतात आणि सत्य ठाऊक असल्याचे दुःख आम्ही मूठभर भोगतो. भोंदू खोटे बोलतो ते पोटासाठी. हा खोटे बोलतो ते लोकांच्या भल्यासाठी, म्हणूनच त्याचा हात कधी थरथरत नाही.

दोस्तोयेव्स्कीला सत्तेची झळ स्वतःला लागलेली होती. १८४९ साली त्याला मृत्युदंड झाला. चर्च आणि राजसत्ता दोघांवर कोरडे ओढणारे समीक्षक बेलिन्स्कीने लेखक गोगोलला लिहिलेले पत्र मित्रमंडळीत वाचून दाखवणे हा आरोपांपैकी एक होता. वधस्थळी नेल्यावर ऐनवेळी शिक्षा बदलली आणि त्याची रवानगी सैबेरियातल्या सक्तमजुरीवर झाली. पुढे तोच माणूस झारचा आणि रशियन चर्चचा समर्थक बनला. त्याने हा दुष्टपणा कॅथलिक स्पेनमध्ये नेऊन ठेवला, पण तो दुष्टपणा तिथेच थांबला नाही. १८८० साली रशियन चर्चच्या सिनॉडचा, म्हणजे सर्वोच्च धर्ममंडळाचा, सरकारी प्रमुख झालेला पोबेदोनोस्त्सेव्ह हा त्याचा स्नेही. इन्क्विझिटरचे प्रकरण वाचून तो अस्वस्थ झाला आणि याला उत्तर कुठे आहे, असे त्याने विचारले. उत्तर म्हणून लेखकाने मठातल्या झोसिमा या साधूकडे बोट दाखवले. पण त्याच कादंबरीत झोसिमा वारतो तेव्हा अख्खा मठ चमत्काराची वाट पाहत बसतो. देहाला दुर्गंधी सुटते आणि काही साधूंना आतून आनंद होतो. इन्क्विझिटर ज्या भुकेवर राज्य करतो ती भूक रशियन मठातही तितकीच आहे. लेखकाच्या मतांपेक्षा त्याची कथा अधिक खरे बोलली. कादंबरी या कलेचे मोठेपण मला यात दिसते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. उपाशी, खचलेल्या माणसाला आधार लागतो. तो देणाऱ्याला दुष्ट का म्हणायचे? माणूस दुबळा आहे हे इन्क्विझिटरचे निदान चुकीचे नाही. पण दुबळ्याला आधार देणे वेगळे आणि तो कायम दुबळाच राहावा अशी व्यवस्था लावणे वेगळे. कसोटी एकच : आपल्यावाचून याचे एक दिवस चालावे, असे आधार देणाऱ्याला वाटते का? येशूच्या हाती चमत्कार आहे, तरी त्या म्हाताऱ्याला जिंकायला तो त्याचा वापर करत नाही. वाद घालत नाही, शेवटी फक्त त्याचे चुंबन घेतो. समोरच्याचे स्वातंत्र्य तो हिरावून घेत नाही, अगदी वैऱ्याचेसुद्धा.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला. तो अत्यंत गरजेचा होता, आहे. फसवणूक आणि अघोरी प्रथा कायद्याला पकडता येतात. पण कोणालाही न फसवता, शाळा-दवाखाने काढून, मायेने बोलून हजारोंना स्वतः विचार करण्यापासून मोकळे करणारा अधिकारपुरुष कोणत्याही कलमात बसत नाही. त्याला पकडायचे काम कथा-कादंबरीचे आहे. मराठी लेखकांनी भोंदूबाबाचा बुरखा पुष्कळदा फाडला. आता बुरखाच नसलेला बाबा लिहायला हवा, आणि त्याच्याहीपेक्षा बारकाईने लिहायला हवा त्याचा भक्त : शिकलेला, सज्जन, निर्णयाचे ओझे उतरल्यामुळे सुखावलेला. तो वाचताना वाचकाला दुसऱ्या कोणावर राग काढायची सोय उरणार नाही. ती सोय काढून घेणे हेच अशा लेखनाचे नैतिक काम आहे.