दुसऱ्या घरची आई

गेली वीसेक वर्षे मी दिवाळी अंकांतून रहस्यकथा लिहीत आलो आहे. मुख्याध्यापकाने असले काही लिहावे हे आमच्या शिक्षकखोलीत काहींना अजूनही रुचत नाही. एम.ए.ला संतवाङ्मय अभ्यासलेला माणूस खून, पुरावे आणि फौजदार यांच्यात रमतो, हा त्यांना वाङ्मयीन अधःपात वाटतो. मी वाद घालत नाही. वाचनालयातल्या शिवण उसवलेल्या बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तिका भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचणाऱ्यांपैकी मी एक. झुंजार आणि काळापहाड यांचे ऋण मी नाकारणार नाही.

माझ्या कथांतला गुप्तहेर मात्र फार लवकर निवृत्त झाला आणि त्याच्या जागी आई आली. याला कारण वाचकच. पिस्तूल निघाले की वाचक दचकतो आणि दोन पानांनी विसरतो. पण मुलाला आत ढकलून आईने दाराला कडी घातली की त्याचाही श्वास अडकतो. आपण सारेच कधी ना कधी त्या कडीच्या आत सुरक्षित झोपलेले असतो.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक कथा छापून आली. ‘पदर’ तिचे नाव. शिवणकाम करून एकुलत्या मुलाला वाढवणारी विधवा. एका रात्री मुलगा घरी येतो तो सदऱ्यावर रक्त घेऊन. भांडणात त्याने एकाला ढकलले, तो दगडावर आपटला आणि जागीच गेला. आई एक शब्द बोलत नाही. सदरा न्हाणीतल्या बंबात घालते, मुलाला आंघोळ घालते, अंथरुणावर निजवून कपाळावर ओली पट्टी ठेवते. पहाटे फौजदार येतो तेव्हा सांगते, ‘दोन दिवस तापानं फणफणलाय पोर.’ फौजदार बंबातल्या राखेकडे पाहतो, तिच्याकडे पाहतो. त्याला स्वतःची आई आठवते. टोपी डोक्यावर चढवून तो निघून जातो.

कथा लोकांना आवडली. डोळे पाणावले, असे पुष्कळांनी कळवले. एका निवृत्त शिक्षिकेने आमच्या घरी येऊन सौभाग्यवतीला सांगितले की आईचे मन सरांनी बरोबर ओळखले आहे. मी आठवडाभर फुशारलेला होतो.

आमच्या शाळेत मुलांचे बिसीऊट शिजवणाऱ्या एक मावशी आहेत. माहेर कानडी, सासर मराठी. दुपारची भांडी घासून झाली की त्या व्हरांड्यात जरा टेकतात. सुटी संपून शाळा सुरू झाल्यावर एके दिवशी मला थांबवून म्हणाल्या, “लेकीनं वाचून दाखवली सर तुमची गोष्ट. आई लई चांगली हाय. खरं, त्या मेलेल्या पोराला आई नव्हती काय?”

आमच्या भागात ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणतात. त्या दिवशी तो शब्द मला दोन्ही अर्थांनी लागला.

मावशींचा थोरला मुलगा बऱ्याच वर्षांपूर्वी रात्री कामावरून सायकलने परतताना एका मोटारीच्या धडकेने गेला. मोटार कधी सापडली नाही. हे मला ठाऊक होते. शाळेने वर्गणीही काढली होती. पण मावशी पुढे जे बोलल्या ते मला कधी सुचले नव्हते. “ती गाडी कुणीतरी धुतलीच असंल की सर. घरातल्यास्नी कळल्याबिगर ऱ्हाईल व्हय? त्या घरातबी आई असंलच.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. घंटा झाली आणि त्या उठून गेल्या.

घरी येऊन मी माझी कथा पुन्हा वाचली. मेलेल्या मुलाचे वर्णन सापडले ते चार शब्दांचे: ‘गावातला एक उनाड पोरगा’. त्याला नाव नव्हते, घर नव्हते. त्याच्या दारात कुणी वाट पाहत उभे नव्हते. हे निव्वळ विसरल्याने झाले असते तर मी स्वतःला माफ केले असते. पण असल्या कथा लिहिणाऱ्याला ठाऊक असते की हे मुद्दाम करावे लागते. मरणारा आधीच वाईट दाखवायचा, म्हणजे त्याच्या मरणाचे ओझे हलके होते. त्याला एकटा ठेवायचा, म्हणजे रडायला कुणी उरत नाही. आणि पोलिसांची जीप दाराशी आणून उभी करायची, म्हणजे वाचकाला विचार करायला उसंत मिळत नाही. आजवर मी याला रचनेचे कसब समजत होतो. मावशींच्या प्रश्नानंतर मला ती हातचलाखी वाटू लागली. तराजूचे एक पारडे मी कथा सुरू होण्यापूर्वीच रिकामे करून ठेवले होते आणि मग आईचे पारडे किती जड आहे ते वाचकांना दाखवीत होतो.

मग खरा प्रश्न उरतो तो असा: आपल्या लेकरासाठी आईने कुठवर जावे? आणि आम्ही लेखकांनी कुठवर टाळ्या वाजवाव्यात?

एका वकील मित्राकडे मी हा प्रश्न नेला. त्याने कायद्याची दोन टोके माझ्यापुढे ठेवली. कुणी मुलावर हल्ला करीत असेल तर त्या क्षणी त्याला रोखण्याचा हक्क आईला आहे. आईलाच काय, वाटेवरच्या परक्या माणसालाही आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत तो होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. अर्थात जरूर तेवढीच इजा करावी, ही मर्यादा पाळून. पण गुन्हा घडून गेल्यानंतर गुन्हेगाराला लपवणे हा स्वतंत्र गुन्हा. जुन्या संहितेचे २१२ वे कलम, नव्या संहितेचे २४९ वे. या कलमाला एक अपवाद आहे: पतीने पत्नीला किंवा पत्नीने पतीला आसरा दिला तर ते कलम लागत नाही. मी म्हणालो, “आणि आईने दिला तर?” मित्र म्हणाला, “आईला सूट नाही.”

मी चकित झालो. ज्या देशात ऊठसूट मातृदेवतेची आरती होते तिथे कायद्याने बायकोला सवलत द्यावी आणि आईला देऊ नये! त्यामागचा हेतू काय, हे कायदेपंडितांनी सांगावे. मला मात्र त्यातून एक रेघ दिसली. उगारलेल्या हाताच्या आड उभी राहणारी आई वेगळी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बंब पेटवणारी आई वेगळी. पहिली केवळ संकट अडवते. दुसरी ते संकट आपल्या दारातून उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवते. आणि आमच्या रहस्यकथा नेमक्या त्या दुसऱ्या पहाटे सुरू होतात.

आपल्या परंपरेत दोन्ही आया आहेत. रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका आपण बालवाडीपासून ऐकतो. सूर्यास्तानंतर गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे बाळ होते आणि ती काळोखात कडा उतरून गेली. तिने पहारेकऱ्याला फसवले नाही, कुणाचा बळी दिला नाही. पणाला लावला तो स्वतःचा जीव.

आता कुंती पाहा. वारणावतातल्या लाक्षागृहाची कथा मी पहिल्यांदा ऐकली ती देवळात, कीर्तनात. बुवांनी विदुराचे शहाणपण रंगवले, भुयार रंगवले, आई आणि भाऊ यांना उचलून धावणारा भीम रंगवला. त्या रात्री कुंतीने दिलेल्या अन्नदानाला एक निषाद स्त्री आपल्या पाच मुलांसह आली होती. ते सहाजण मद्य पिऊन तिथेच झोपले आणि त्या आगीत जळून गेले, हे बुवांनी एका वाक्यात उरकले. पुढे मूळ आदिपर्व वाचले तेव्हा दिसले की सहा जीव मागे ठेवून निसटण्याचा बेत युधिष्ठिराने आधीच बोलून दाखवला होता. राखेत सहा देह सापडले म्हणूनच पांडव मेल्याची सर्वांची खात्री पटली. पाच मुलगे आणि एक आई, यांच्या बदल्यात पाच मुलगे आणि एक आई. त्या निषाद स्त्रीला महाभारतात नावसुद्धा नाही. बंगालीत महाश्वेता देवींनी एक कथा लिहून म्हाताऱ्या कुंतीपुढे वनात एक निषाद स्त्री आणून उभी केली. ते सहाजण तुझ्या स्मरणातही नाहीत, हा तिचा आरोप आहे. माझा ‘उनाड पोरगा’ त्याच राखेतला सातवा.

कर्नाटकातल्या मुलांना पुण्यकोटी गाईची कथा पाठ असते. आपल्याकडे ती बहुला गाईच्या नावाने सांगतात. वाघ वाटेत अडवतो. गाय म्हणते, वासराला पाजून परत येते. ती घरी जाते, वासराला पाजते, इतर गाईंच्या ओटीत घालते आणि शब्दाप्रमाणे परत जाते. आमच्या दुभाषिक वर्गात मी एकदा विचारले, “ती परत गेली नसती तर चालले असते का?” अर्धा वर्ग हो म्हणाला. एक मुलगी म्हणाली, “सर, ती गेली नसती तर वाघानं दुसऱ्या गाईला धरलं असतं.” त्या वेळी मी हसून पुढचा धडा घेतला. आज वाटते, तिला मावशींचा प्रश्न तेव्हाच पडला होता.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेऊन पाहिला. गरिबाच्या मुलाला ठाण्यात न्याय मिळतो कुठे? ज्याच्यापाशी ना पैसा ना ओळख, त्याच्या आईपाशी एक खोटे बोलणे सोडून दुसरे काय उरते? हा आक्षेप खोटा नाही. पण ज्या घरी ती मोटार धुतली गेली, ते घर काही उपाशी नसावे. तिथेही आईने हेच म्हटले असेल: माझ्या मुलाचे आयुष्य नासेल, गेलेला काही परत येत नाही. गरीब आईच्या तोंडी जे वाक्य आपल्याला हलवते, तेच पैसेवाल्या घरात तितक्याच सहजपणे बोलले जाते. म्हणून त्या वाक्याला पुरावा मानता येत नाही.

मग आम्ही लिहायचे काय? १९५७ च्या ‘मदर इंडिया’तल्या राधेप्रमाणे प्रत्येक आईने पोटच्या पोरावर बंदूक रोखावी, असे मी म्हणणार नाही. सौभाग्यवतीने मला सरळ विचारले, “आपला मुलगा तसा सदरा घेऊन आला असता तर तुम्ही काय केलं असतं?” मी बराच वेळ गप्प राहिलो. बंब बहुधा मीच पेटवला असता. म्हणून त्या आईचा न्याय करायला मी बसत नाही. माझे मागणे लेखकाकडे आहे. आईला पेटवू दे बंब. पण त्या धुराचा वास दुसऱ्या घरापर्यंत गेला पाहिजे.

हे जमते. ‘दृश्यम’ आमच्या भागात अनेकांनी दोनदा पाहिला, २०१४ मध्ये कन्नडमध्ये आणि २०१५ मध्ये हिंदीत. मूळ मल्याळम चित्रपट २०१३ चा. त्यात कुटुंब वाचवायची धडपड बापाची असली तरी प्रेत पुरताना आई आणि मुलगीच असतात. पण बेपत्ता मुलाची आई तिथे पोलीस महानिरीक्षक आहे. सबंध चित्रपटभर ती प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढून हलत नाही. ती निर्दयपणे वागते, तिचा राग येतो. आणि शेवटी ती व तिचा नवरा मुलाचे काय झाले एवढेच विचारायला येतात, तेव्हा आपण इतका वेळ कोणाच्या बाजूने जीव मुठीत धरून बसलो होतो, याचा हिशेब द्यावा लागतो. रहस्य कमी होत नाही. उलट घरी जाऊनही पाठ सोडत नाही.

या उन्हाळ्यात मी ‘पदर’ पुन्हा लिहिली. आता त्या मेलेल्या मुलाला नाव आहे. त्याची आई बाजारात भाजी विकते आणि तिच्या चोळ्या आमची शिवणारी बाईच शिवते. बंब तसाच पेटतो. फौजदार तसाच निघून जातो. पण बाराव्या दिवशी ती बाई त्या घरी जाते. कोपऱ्यात बसते. भाजीवाली तिला पाणी देते आणि तिच्या मुलाचा ताप उतरला का म्हणून विचारते. तिथे माझी लेखणी थांबली.

शाळा उघडल्यावर मी व्हरांड्यात बसून मावशींना ती वाचून दाखवली. त्या तांदूळ निवडता निवडता ऐकत होत्या. शेवट झाला तरी हात चालूच होते. मग म्हणाल्या, “मग सांगितलं काय तिनं?”

मी म्हणालो, “अजून नाही.”

मावशींनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. “सांगंल,” त्या म्हणाल्या. “तुमी गोष्ट मिटवू नका मातर.”

मी अजून मिटवलेली नाही. म्हणूनच यंदा या अंकासाठी संपादकांनी कथा मागितली असता हा लेख पाठवीत आहे.