ज्वारीसोबत कागदही

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावच्या परिसरातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते. फडात माणूस आजारी पडला की मजुरी बुडते, उचल मात्र अंगावर तशीच राहते. मग घरातून आधी दूध जातं, मग डाळ, शेवटी गोळ्या. क्षयरोग असेल तर रिकाम्या पोटाला औषधही सोसत नाही.

अशा घराला पायलीभर ज्वारी द्यावीच, संध्याकाळची चूल तिच्यावरच पेटते. पण पुढचे महिने? अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य आहे. क्षयरुग्णाला उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा १,००० रुपये आहेत. जवळ अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, मोठ्या उपचारांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. कागदावर काही कमी नाही! फक्त तापानं फणफणलेल्या माणसानं एसटीनं जाऊन रांगेत उभं राहायचं आणि त्याच्या बायकोनं त्या दिवसाचा रोज सोडायचा, एवढंच सगळ्यांनी गृहीत धरलंय.

म्हणून ज्वारी द्यायला जाल तेव्हा त्यांची शिधापत्रिकाही बघा. कुणाचं नाव गळालंय का, आधार जोडलंय का, बँकेचं खातं चालू आहे का, ते विचारा. आणि जमलं तर सोमवारी त्यांच्याबरोबर केजच्या तहसीलला जा.